डाव्या हाताचा पीळ

माझी साठी उलटली आहे आणि गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे. दुकानात येणारी गिऱ्हाइकं विचारतात, "आजी, तुमी खाता तरी काय?" मी सांगते, बाजरीची भाकरी आणि एका माणसावरचा राग. भाकरी दोन वेळा, राग येता-जाता. लोणच्यासारखा मुरवला मी तो. वरचं तेल कधी कमी होऊ दिलं नाही.

तो माणूस म्हणजे आमच्या कंपनीतला साहेब. कंपनी नगरच्या एमआयडीसीत, पाण्याच्या मोटरी बनवणारी. मी तिथं एकोणीस वर्षं वाइंडिंग खात्यात होते. म्हणजे मोटरीच्या पोटात तांब्याची तार भरायची, वेढे मोजत, आणि दोन्ही टोकांना जो तारांचा जुडगा बाहेर राहतो तो दोऱ्यानं आवळून बांधायचा. आम्ही अकरा बायका होतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबानं आम्हा अकराजणींना कँटीनमध्ये बोलावलं आणि कागदी कपातून चहा दिला. एरवी आम्हाला स्टीलच्या पेल्यात मिळायचा. कागदी कप पाहुण्यांसाठी, एकदा वापरून टाकून द्यायचे. तिथंच मला कळायला हवं होतं. पण मी तेव्हा अठ्ठेचाळीसची होते आणि स्वतःला लई शहाणी समजत होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईला मी कोपरानं ढोसून म्हटलंसुद्धा, "पगार वाढतोय बघ."

साहेबानं प्रत्येकीला कंपनीचं नाव छापलेलं एकेक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सांगितलं, आता मोटरी बाहेरून, मशीनवर भरून तयार येणार. हाताचं खातं बंद.

"मग आमी काय करायचं?" मी विचारलं. अकराजणींत तोंड माझंच होतं.

साहेबाला बोलताना किल्ल्यांचा जुडगा वाजवायची सवय होती. तो वाजवत म्हणाला, "आराम करा, बाई. नातवंडं खेळवा. या वयात नवीन काय शिकणार तुम्ही?"

"काम वाईट हुतं का आमचं?"

"आता विचारताच आहात तर सांगतो. तक्रारी आहेत. तुमच्याच टेबलाच्या मोटरी परत येतात."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. नोकरी गेली ते मी गिळलं असतं. कंपन्या काय, उघडतात, बंद होतात. नातवंडांचंही गिळलं असतं. पण माझ्या टेबलाच्या मोटरी? खात्यात नवी बाई आली की तिला माझ्याकडे बघायला बसवायचे, असा माझा हात. मी त्याच वेळी मनात ठरवलं, या माणसाला मी खोटं पाडणार. त्याच्या तोंडावर, आणि याच भाषेत.

घरी आले तर मालक टेम्पो धूत होते. मी म्हटलं, "मला कामावरनं काढलं." त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "घड्याळ चांगलं दिलंय की." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

पुढचा महिनाभर मी एमआयडीसीतली गेटं पालथी घातली. चांगली साडी नेसून, केस चापून. तेव्हाची मी आता डोळ्यांपुढे आली की हसू येतं. गेटवरच्या वॉचमनला मी ऐटीत सांगायची, "मला वाइंडिंग येतं. साहेबास्नी बोलवा." साहेब कुठले येतायत! आतून निरोप यायचा, कागद आहे का. म्हणजे सर्टिफिकेट. माझ्याकडे एकोणीस वर्षं होती आणि एक घड्याळ होतं. कागद नव्हता.

म्हणून मी सरकारी प्रशिक्षण संस्थेत गेले. तिथं मोटर भरण्याचा सहा महिन्यांचा कोर्स होता. शिकवणारे सर माझ्या थोरल्यापेक्षा लहान. मला बघून म्हणाले, "मावशी, मुलाचा अर्ज आणलाय का?"

"न्हाई, माझाच हाय."

वर्गात सगळी मिसरूड फुटलेली पोरं आणि मी. पहिल्या दिवशी मी वाट बघत बसले की आता सर म्हणतील, मावशी, तुमचा हात जरा यांना दाखवा. सरांनी माझ्यापुढे एक जळकी मोटर आणून ठेवली आणि हातात पक्कड दिली. त्या धंद्यात नव्या माणसाची सुरुवात अशीच होते. आधी जळकी तार उपसायची. काळी, चिकट, घाण वास मारणारी तार खाचांतून एकेक करून ओढून काढायची. नखं काळी, बोटांना फोड, कंबर मोडते. एकोणीस वर्षं मी तार भरली होती. उपसली एकदाही नव्हती. जळालेली मोटर आतून कशी दिसते तेच मला माहीत नव्हतं, आणि मी म्हणे सगळ्यांत हुशार!

पण रागाचा उपयोग होतो. प्रत्येक तार म्हणजे साहेबाच्या मिशीचा केस, असं धरून मी उपसायची. वर्गातली पोरं थकून बसायची तरी माझं चालूच. सर म्हणायचे, "मावशी, जरा दम घ्या." दम कसला घेते! अजून डावी मिशी बाकी होती.

त्या सहा महिन्यांत माझं सरांशी एकदाच वाजलं, तेही दोऱ्याच्या बांधणीवरून. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

माझं माहेर पाथर्डीकडचं. आई-बाप दर साल ऊस तोडायला जायचे आणि आम्ही पोरं त्यांच्या मागे. मी कळती झाले तशी माझ्याकडे मोळ्या बांधायचं काम आलं. ऊस तोडला की वरचं हिरवं वाढं राहतं, त्याचाच बंध करायचा. मोळीखालून घ्यायचा, वर ओढायचा, पीळ द्यायचा आणि टोक आत खुपसायचं. गाठ मारायची नाही. गाठीला वेळ लागतो, आणि गाडीपाशी मोळी सोडवताना बोटं तुटतात. वाढ्याची पानं खरबरीत, एकमेकांत रुततात, म्हणून नुसत्या पिळावर मोळी घट्ट राहते. मी डावखुरी, त्यामुळे माझा पीळ उलटा. आई लांबूनच ओळखायची, "ह्यी मोळी आमच्या डावरीची!"

कंपनीत लागले तेव्हा तोच पीळ मी तारांच्या जुडग्याला द्यायला लागले. बाकीच्या बायका दोऱ्याच्या दोन-दोन गाठी मारत बसायच्या, माझी मोटर तोवर पुढच्या टेबलावर. तेव्हाचा दोरा सुती असायचा आणि वरून सगळं वार्निशात बुडवून भाजायचे, त्यामुळे पीळ जागचा हलायचा नाही. सगळे माझ्या हाताचं कौतुक करायचे. मग शेवटच्या वर्षी बोअरमध्ये सोडायच्या मोटरी सुरू झाल्या. त्या आतून पाण्यानं भरलेल्या असतात. तारेला प्लास्टिकचं वेष्टन, वार्निश नाही, आणि दोरा नायलॉनचा. दुहेरी गाठच मारायची, हे सांगायला कंपनीनं पुण्याहून माणूस बोलावून तासभर शिकवणी ठेवली. मी मागच्या बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. शेजारणीला म्हटलं, "ह्यो मला बांधायला शिकवनार व्हय? मी मोळ्या बांधत हुते तवा ह्यो दुपट्यात हुता." शेंगा बऱ्या होत्या. शिकवणीतलं एक अक्षर आठवत नाही.

आणि तोच पीळ संस्थेतल्या सरांनी बघितला. "मावशी, हे काय बांधलंय? मोळी आहे का?"

"व्हय," मी म्हटलं. "घट्ट हाय. वढून बगा."

"कोरडं आहे तोवर घट्ट आहे. हे पाण्यात फिरणार, हादरणार. नायलॉन गुळगुळीत असतं. पीळ सुटला की तारा फिरत्या रोटरला घासणार. सोडा आणि दुहेरी गाठ मारा."

मी सोडलं आणि गाठ मारली, पण परीक्षेपुरती. मनात म्हटलं, पोरगं पुस्तकातलं बोलतंय. पुढे हाताला गाठीचीच सवय लागली ते त्या कोर्समुळे. मी त्याचं श्रेय कुणाला दिलं नाही.

कागद मिळाला. केडगावात पुणे रोडला अर्धी खोली भाड्यानं घेतली आणि 'मोटर भरून मिळेल' असा बोर्ड लावला. ते कंपनीचं घड्याळ मी समोरच्या भिंतीवर लावलं, राग शिळा होऊ नये म्हणून. लोक दुकानाच्या दारात लिंबू-मिरची लटकवतात. मला पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या कंपनीची मशीनवर भरलेली एक मोटर जळून आली, मी तिची काळीठिक्कर कॉइल खिळ्याला लटकवली. येईल त्याला सांगायची, "ह्यी बगा मशीनची करामत. हाताची असती तर अशी जळती का?" गिऱ्हाईक मान डोलवायचं. मोटर अडकलेली असते तेव्हा माणूस कशालाही मान डोलवतो.

सुरुवातीला शेतकरी दारातून आत बघायचे आणि विचारायचे, "भरनारा कुटं गेलाय?"

"भरनारा म्याच हाय. आना आत."

हळूहळू चाल लागली. शेजारच्या टेबलावरची ती बाई, जिला मी पगार वाढतोय म्हणाले होते, ती घरी बसून कंटाळली होती. तिला मी जोडीला घेतलं. आता आम्ही दोघी मिळून तार ओढतो, ती एका बाजूनं, मी दुसऱ्या, आणि मध्ये अख्खं केडगाव चघळतो. साहेबाची याद मात्र मी एक दिवस चुकू दिली नाही. तो येईल, त्याची मोटर जळलेली असेल, मी ती त्याच्यासमोर उघडीन, मशीनचं गबाळं काम दाखवीन आणि म्हणेन, "साहेब, तक्रारी हायेत." हे वाक्य मी चुलीपुढे, बसमध्ये, भांडी घासताना इतक्या वेळा म्हटलं की एकदा नातू म्हणाला, "आजी, कुणाची तक्रार?"

आणि तो आला. तीन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, सकाळी अकराच्या सुमाराला. टेम्पोतून बोअरमध्ये सोडायची सबमर्सिबल मोटर उतरवली, मागून एक टक्कल पडलेला, उन्हानं रापलेला माणूस उतरला. मी ओळखलं नसतं. पण किल्ल्या वाजल्या.

माझ्या जोडीदारणीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मी पदर खोचला.

त्यानं मला ओळखलं नव्हतं. म्हणाला, खर्ड्याकडे शेत घेतलंय, रिटायर झाल्यावर सीताफळाची बाग लावली. मोटर आठच महिने चालली आणि बसली. झाडं लहान आहेत, पाण्याविना आठवडा निघायचा नाही. "गावात तुमचं नाव ऐकलं. बघा ना, बाई, काय झालंय."

मी त्याला बुटक्या स्टुलावर बसवलं, ज्यावर बसलं की गुडघे कानाला लागतात. समोरच्या टपरीवरून चहा मागवला आणि बजावून सांगितलं, कागदी कपातच आण. मग मोटर बाकावर घेतली. बॉडीवर आमच्या कंपनीचं नाव.

तेवढ्यात त्याची नजर घड्याळावर गेली. "हे तर आमच्या कंपनीचं..." तो थांबला. माझ्याकडे बघितलं, मग जोडीदारणीकडे. किल्ल्या वाजायच्या बंद झाल्या. "बाई, तुम्ही वाइंडिंगला होता."

"व्हय, साहेब. आराम करून झाला, नातवंडं खेळवून झाली. मग म्हटलं, काय तरी नवीन शिकावं." तोंडावर अहो-जाहो, मनात अरे-तुरे. "मशीनवर भरलेली दिसतीय मोटर. आता तुमच्यासमोरच उघडते."

मी बोल्ट काढले, रोटर बाहेर घेतला आणि आत बघितलं.

आत जुडग्याचा दोरा सुटून लोंबत होता. तारा रोटरला घासून वेष्टन गेलं होतं, तांबं उघडं पडून एका जागी काळं झालं होतं. सरांनी सांगितलं होतं अगदी तसं. आणि दोऱ्याच्या ज्या भागाचा पीळ अजून टिकून होता, तो उलटा होता. डाव्या हाताचा.

जोडीदारणीनं वाकून बघितलं. तिला सांगायची गरज नव्हती, ती एकोणीस वर्षं त्या पिळाशेजारी बसली होती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि पाणी प्यायला म्हणून मागे गेली. मागून खोकल्याचा आवाज येत राहिला. तो खोकला नव्हता.

"मशीनची नसेल ही," साहेब स्टुलावरून म्हणाला. "तुमचं खातं बंद व्हायच्या आधी स्टाफला सवलतीत मिळाली, तेव्हा घेतलेली. शेत नव्हतं तोवर खोक्यातच पडून होती."

मी कात्री घेतली, तो पिळाचा तुकडा कापला आणि मुठीत धरला. इतकी वर्षं घोकलेलं वाक्य जिभेवर होतं आणि त्याचं करायचं काय ते मला कळेना. तक्रारी हायेत म्हणू, तर कुणाच्या? शेंगा फोडत बसलेली ती बाई आठवली. एका मोटरीत हा पीळ, तर त्या वर्षीच्या बाकीच्यांत काय असणार! कुणाकुणाच्या बोअरमध्ये, कुठल्या उन्हाळ्यात त्या बसल्या असतील, आणि कुणाचं रान वाळलं असेल. तेवढा वेळ मला हसू आलं नाही.

तेव्हा साहेबच बोलला. कप दोन्ही हातांत धरून, खाली बघत. "बाई, एक सांगायचं होतं. त्या दिवशी मी म्हणालो ना, तुमच्या टेबलाच्या मोटरी परत येतात? तसं काही नव्हतं. वरून सांगितलं होतं, काहीतरी कारण द्या, म्हणजे बायका गडबड करणार नाहीत. तुम्ही सगळ्यांत जास्त बोलायचा, म्हणून तुमचं टेबल धरलं. परत आलेल्या मोटरींचं रजिस्टर मी कधी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. खोटं बोललो. मला माफ करा."

आता बघा. माझ्या मुठीत तो खरा असल्याचा पुरावा, आणि समोर तो, मी खोटं बोललो म्हणून माफी मागतोय. मूठ उघडली असती तर दोघंही सुटलो असतो. चांगल्या बाईनं उघडली असती.

मी मूठ कमरेच्या पिशवीत रिकामी केली आणि पिशवीची नाडी आवळली.

"लई लागलं हुतं, साहेब," मी म्हटलं. हे खरंच होतं. आणि त्यानं न बघताच माझं नाव घेतलं होतं, हे माझ्या चुकीनं पुसलं जात नाही. चूक माझी होती, पण ती त्याला माहीत नव्हती. अंधारात दगड मारून लागला, म्हणून काय तो नेमबाज झाला? "माफ केलं. पन मोटर लवकर पायजे ना? मग आमी दोगीच म्हाताऱ्या. हाताखाली मानूस पायजे."

"म्हणजे?"

मी त्याच्या हातात पक्कड दिली. "ही खराब तार उपसायची. इथं शिकायला सुरुवात अशीच हुती."

"अहो, मला कुठं जमणार? या वयात..." तो म्हणाला, आणि स्वतःच थांबला.

"सावकाश जमंल. किल्ल्या तेवड्या बाजूला ठेवा, हात मोकळे लागत्यात."

दुपारी चारपर्यंत तो तार उपसत होता. मोटर पाण्यातली, त्यामुळे तार काळी नव्हती, पण चिखलानं माखलेली आणि हट्टी. साडेबाराला पहिला फोड आला, जेवणाआधी दुसरा. मी समोर बसून शेंगा फोडल्या. मुद्दाम मागवल्या होत्या. जोडीदारीण मध्येच म्हणायची, "साहेब, जोर लावा की. जेवला न्हाई का?" आणि परत तिला खोकला यायचा. त्याच्या हाताची चिखलानं काळी झालेली नखं मी मनात साठवून ठेवली. आजही झोप लागत नसली की मी ती आठवते. लागलीच लागते.

नवी तार आम्ही दोघींनी दोन दिवसांत भरली. जुडगा मी स्वतः बांधला. दुहेरी गाठ मारली, वर तिसरीही. मोटर अजून चालते आहे, एकदाही परत आलेली नाही. दारातली जळकी कॉइल मात्र मी त्याच संध्याकाळी काढून टाकली. आता त्या खिळ्याला नायलॉनच्या दोऱ्याचा एक उलटा पीळ लटकतो. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय? मी सांगते, दृष्ट लागू नये म्हणून. माझीच मला.

दर हंगामात साहेब खर्ड्याहून सीताफळांची एक पाटी घेऊन येतो. बुटक्या स्टुलावर बसतो आणि चहा पिताना एकदा तरी म्हणतो, "बाई, त्या दिवशी मी फार चुकीचं बोललो." मी म्हणते, "जाऊ द्या आता, साहेब." त्याच्या डोक्यावर तो पीळ लटकत असतो. सीताफळं गोड असतात, आम्ही दोघी बिया मोजत खातो आणि टरफलं रस्त्यापलीकडच्या शेळीला टाकतो.

हे तो वाचणार, त्याला वाचायचा नाद आहे. वाचल्यावर पाटी बंद होईल, किंवा पक्कड घेऊन मला कामाला लावायला येईल. येऊ दे. यंदाची सीताफळं परवाच येऊन गेली, म्हणून तर लिहायला बसले.